कॅसरोलवरचं बिस्किट खालून कच्चं राहतंय? आधी सारण उकळू द्या

ताई, तुमचं म्हणणं असं की नवीन ओटीजी, म्हंजे विजेचा छोटा ओव्हन, घेतलाय, अमेरिकेतल्या भाचीनं पाठवलेल्या रेसिपीवरून चिकन कॅसरोल केलं, वरची बिस्किटं झकास फुगली, तांबूस पण झाली, पण चमचा घातला तर खालची बाजू चिकट, कच्च्या कणकेसारखी, आणि त्याच्या खाली नुसतं चिकनचं पाणी. अजून पंधरा मिनिटं ठेवलं तर वरून करपलं आणि खालून तसंच. त्यात क्रीम ऑफ चिकन सूपचा डबा इथं कुठं मिळाला नाही म्हणून सूपचं पाकीट वापरलं, ताक घातलं तर पीठ सैल झालं, सासूबाई म्हणतात बिस्किट म्हंजे मारीचा चुरा टाकायचा असेल, आणि मुलं विचारतायत की यात कांदा-लसूण चटणी का नाही. सगळ्याचं उत्तर देतो, जरा लांबेल. हा पदार्थ मी जवळजवळ वीस वर्षं करतोय, आधी नऊ वर्षं जहाजाच्या गॅलीत, म्हंजे स्वयंपाकघरात, तिथं निम्मे पॅसेंजर अमेरिकन असायचे, आणि आता इथं कोल्हापुरात घरगुती ऑर्डरी घेतो त्यात, त्यामुळं नेमकं कुठं बिघडतं ते हाताला माहीत झालंय.

आधी सासूबाईंचा मुद्दा, कारण तो बरोबरच आहे, आपल्याकडं बिस्किट म्हंजे मारी, ग्लुकोज, नानकटाई, कडक आणि चहात बुडवायचं. बिस्किट शब्दाचा हा अर्थ इंग्लंडकडून आलेला. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ वेगळा झालाय, तिथं बिस्किट म्हंजे यीस्ट न घालता बेकिंग पावडरवर फुगवलेला मऊ, पदर सुटणारा छोटा पाव, गोड नसतो, रश्श्याबरोबर नाहीतर नुसतं लोणी लावून खातात. दक्षिणेकडच्या राज्यांत तर सकाळच्या नाष्ट्याला हेच. कॅसरोलवर जे टाकतात ते हे. मारीचा चुरा टाकला तर गोडूस लगदा होईल, ते नको. आणि कॅसरोल म्हंजे आपण चपात्या ठेवतो तो डबा पण नव्हे बरं का, ओव्हनमध्ये चालणारं खोलगट भांडं आणि त्यात भाजलेला पदार्थ, दोन्हीला तेच नाव.

आता तुमची खरी अडचण. तुम्ही लिहिलंय की सारण सकाळी करून फ्रीजमध्ये ठेवलं होतं आणि संध्याकाळी त्यावर बिस्किटं ठेवून भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. गडबड तिथंच झाली बघा, बाकी सगळ्या चुका त्यापुढं किरकोळ आहेत. विचार करा, बिस्किटाला वरून ओव्हनची गरम हवा लागते पण खालून उष्णता मिळणार ती फक्त सारणातून. दीड-दोन किलोचं फ्रीजमधलं गार सारण तापायला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर बिस्किट वरून भाजून मोकळं झालेलं असतं, आणि खालचं पीठ गार ओलाव्यावर नुसतं बसून राहतं, त्यातलं लोणी वितळून सॉसमध्ये उतरतं, बेकिंग पावडरचा वायू तयार होऊन निसटून जातो, आणि पीठ शिजून घट्ट व्हायला जी उष्णता पाहिजे ती येते तोवर फुगायचं काही शिल्लकच नसतं. मग तुम्ही वेळ कितीही वाढवा, वरचं करपतं आणि खालचं तसंच. जहाजावर पहिल्या वर्षी माझ्या हातून हेच झालं होतं, दुपारी केलेलं सारण कोल्ड रूममधून काढून थेट ट्रेमध्ये ओतलं आणि वर बिस्किटं लावली, सगळे ट्रे परत आले. त्या रात्री आमच्या मुख्य शेफनं एकच गोष्ट दाखवली, सारण बुडबुडे येईपर्यंत उकळून ओतायचं आणि बिस्किट फ्रीजमधून काढल्या काढल्या त्यावर ठेवायचं. खाली उकळतं, वर गार. तेव्हापासून माझं एकदाही खालून कच्चं राहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र समजून घ्या, सगळं बरोबर झालं तरी बिस्किटाचा खालचा अर्धा सेंटिमीटर भर मऊ आणि सॉस प्यायलेलाच असणार, कारण ओल्या सॉसवर बसलेल्या पिठाचं तापमान १०० डिग्रीच्या वर जात नाही, मग ते कडक कसं होणार. तो दोष नाही, त्यातच मजा आहे. कच्चं आणि मऊ यातला फरक असा ओळखायचा, मधलं एक बिस्किट सुरीनं उचलून खालून बघा, इडलीसारखं जाळीदार मॅट दिसलं तर शिजलंय, चकचकीत आणि तार येणारं दिसलं तर कच्चं आहे.

आता सारणाकडं. कोल्हापुरात राहून चिकन स्टॉकसाठी क्यूब विकत घेणारी माणसं बघितली की मला वाईट वाटतं, आपल्या घराघरात अळणी काढतात आणि अळणी हाच तर स्टॉक. पांढऱ्या रश्श्याला काढतो तशी काढायची, हळद न घालता. एक किलो ब्रॉयलर घ्या, हाडासकट, चिकनवाल्याला बिर्याणी कट सांगा म्हंजे मोठे पीस देतो. पातेल्यात चमचाभर तेल, एक कांदा, आलं-लसणाचा ठेचा एक मोठा चमचा, मीठ, त्यावर चिकन टाकून झाकण ठेवा, चिकनला स्वतःचं पाणी सुटू द्या, मग एक लिटर कडकडीत पाणी. गार पाणी ओतू नका, आपल्या आया पण झाकणावर पाणी तापवून तेच घालायच्या. वीस-पंचवीस मिनिटांत ब्रॉयलर शिजतं. पीस बाहेर काढून कोमट झाले की हातानं मांस सोडवायचं, मोठे मोठे तुकडे ठेवायचे, रेषा रेषा करू नका कारण ओव्हनमध्ये अजून अर्धा तास जायचंय. साधारण साडेचारशे ग्रॅम मांस निघतं. हाडं परत अळणीत टाकून ती अजून पंधरा-वीस मिनिटं आटवली तर चव दुप्पट होते, हे जरूर करा.

नुसत्या ब्रेस्टचं बोनलेस घ्यायचा मोह होतो, सोयीचं पण असतंय, पण ते दोनदा शिजून चोथा होतं. लेगचं मांस दोनदा शिजवलेलं सहन करतं. गावरान कोंबडी घेतली तर अळणी अप्रतिम निघते, त्यात वाद नाही, पण मांस शिजायला तास-सव्वा तास नाहीतर कुकर, आणि तरी ते चिवटसर राहतं, मऊ बिस्किटाच्या खाली ते मला जुळत नाही. त्यामुळं गावरानचा रस्सा करा आणि हे ब्रॉयलरचं करा.

मग तो डबा. अमेरिकन रेसिपीत एक कॅन क्रीम ऑफ चिकन किंवा क्रीम ऑफ मशरूम असं लिहिलेलं असतं. कॅम्पबेल कंपनीनं १९३४ साली क्रीम ऑफ मशरूमचा डबा काढला आणि पुढं तिकडच्या बायकांनी त्याचाच सॉस म्हणून वापर सुरू केला, कारण ते सूप आटवून घट्ट केलेलं असतंय, पाणी न घालता वापरलं की सॉस तयार. एक डबा म्हंजे अंदाजे तीनशे ग्रॅम. आपल्याकडची सूपची पाकिटं त्याच्या जागी वापरू नका, त्यात बहुतेक कॉर्नफ्लोर, मीठ आणि साखर, आणि कॉर्नफ्लोरचा सॉस ओव्हनमध्ये बराच वेळ उकळला की परत सैल होतो. तुमचं पाणी पाणी झालं त्याचं एक कारण ते पाकीट असणार. त्यापेक्षा पंधरा मिनिटं खर्च करून मैद्याचा सॉस करा, डब्यापेक्षा शंभरपट चांगला.

साठ ग्रॅम बटर, साठ ग्रॅम मैदा, म्हंजे अर्धा कप. बटर वितळलं की त्यात मैदा टाकून मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता, रंग बदलू द्यायचा नाही पण कच्चा वास गेला पाहिजे, बेसन भाजताना जसा वास बदललेला कळतो तसा इथंही कळतो. मग साडेचारशे मिली गरम अळणी थोडी थोडी ओता, प्रत्येक वेळी घोटून गुठळी मोडायची, शेवटी दीडशे मिली दूध. आता ते नीट उकळलं पाहिजे, दोन-तीन मिनिटं रटरट. नुसतं गरम होऊन घट्ट दिसलं म्हणून उतरवलं तर मैदा पुरता फुललेला नसतो. कढईच्या तळावरून उलथणं ओढलं की मागं वाट दिसली पाहिजे आणि दोन सेकंदांत ती मिटली पाहिजे, साधारण पातळ पिठल्याइतकं. यापेक्षा पातळ असेल तर उकळवा, यापेक्षा घट्ट असेल तर अळणी घाला, कारण ओव्हनमध्ये बिस्किट पण थोडा सॉस पितं.

भाज्यांमध्ये दोन गाजरं, एक बटाटा बारीक फोडी करून, मूठ-दोन मूठ मटार, दीडशे ग्रॅम मशरूम. गाजर-बटाटा अळणीतच अर्धवट शिजवून घ्या. मशरूम मात्र वेगळे मोठ्या आचेवर परता, त्यांचं पाणी सुटून पूर्ण आटलं पाहिजे, तुम्ही कच्चे टाकले म्हणताय, ते सगळं पाणी सॉसमध्ये उतरलं असणार. सिमला मिरची घालायची तर तीही परतूनच. सेलरी नाही मिळाली म्हणून काळजी करू नका, कोथिंबिरीचे देठ बारीक चिरून कांद्याबरोबर परता. आणि थाईम लिहिलेलं असेल तर घरातला ओवा आहे की, दोन्हीच्या वासामागं थायमॉल हाच पदार्थ असतो, फक्त ओवा फार तीव्र, त्यामुळं तळहातावर चोळून दोन चिमटी, जास्त घातला तर सगळं काढ्यासारखं लागतं. मिरपूड सढळ, ताजी कुटलेली.

चटणीचं म्हणाल तर घाला ना, कोण नको म्हणतंय. पण कशी घालायची ते महत्त्वाचं. माझ्याकडं ऑर्डरी येतात त्यातल्या बऱ्याच जणांना चटणीचंच पाहिजे असतं. चहाचे दीड चमचे घरची कांदा-लसूण चटणी, कांदा बटरमध्ये परतून मऊ झाला की त्यातच अर्धा मिनिट परतायची, मग मैदा टाकायचा. म्हंजे तिखटाचं तेल मैदा धरून ठेवतो आणि सॉस एकजीव केशरी होतो. चटणीत मीठ असतंच, तेव्हा सॉसचं मीठ शेवटी बघा. जे करू नका म्हणून हात जोडून सांगतो ते म्हंजे तयार तांबडा रस्सा खाली ओतून वर बिस्किट लावणं. रश्श्यावर कट येतो, आपल्याला तो ताटात पाहिजेच असतो, पण इथं तो कट सगळा वर येऊन बिस्किटाच्या बुडात शिरतो, पीठ तेलकट होऊन बसतं, फुगत नाही. ज्यांना कटच पाहिजे त्यांना वाटीत तांबडा रस्सा बाजूला द्या आणि बिस्किट तोडून त्यात बुडवू द्या, ते फार छान लागतं.

मला स्वतःला मात्र पांढरा प्रकार जास्त आवडतो. दीडशे मिली दुधाच्या जागी नारळाचं घट्ट दूध, आणि आठ-दहा काजू आणि चमचाभर खसखस भिजवून गंधासारखं वाटून, खड्या मसाल्यात दोन वेलदोडे, दालचिनीचा तुकडा, तीन लवंगा बटरमध्ये आधी तडतडवून काढून टाकलेल्या. एरवी नारळाचं दूध जोरात उकळलं तर फाटतं, पण मैद्याच्या सॉसमध्ये ते टिकतं. काजू-खसखशीमुळं सॉस अजून घट्ट होतो म्हणून मैदा पंचेचाळीस ग्रॅमवर आणा. वर लोण्याचं बिस्किट आणि खाली पांढऱ्या रश्श्याची चव, माझ्या आईला कॅसरोल हा शब्द उच्चारता येत नाही पण हे ती मागून घेऊन खाते.

आता बिस्किट. यात सगळा खेळ हाताचा आहे आणि आपल्या हाताला ज्या सवयी आहेत त्यातल्या दोन मोडाव्या लागतात. पहिली मोहनाची. करंजीला, शंकरपाळीला आपण कडकडीत तुपाचं मोहन घालतो, ते पिठाच्या कणाकणाला लागतं आणि खुसखुशीतपणा येतो. इथं उलटं, लोणी थंडगार पाहिजे आणि ते पिठात विरघळता कामा नये, मटाराएवढे, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे तसेच राहिले पाहिजेत. बटरमध्ये ऐंशी टक्के स्निग्धांश आणि सोळा-सतरा टक्के पाणी असतं, ओव्हनच्या आचेत तो तुकडा वितळतो, त्यातल्या पाण्याची वाफ होते, वाफेला हजारपटीच्या वर जागा लागते, ती पीठ उचलते आणि तिथं पदर सुटतो. साट्याची करंजी करताना दोन पाऱ्यांच्या मधे साटा असतो म्हणून पदर सुटतात, तसंच थोडंफार. म्हणूनच तूप चालत नाही, तुपात पाणीच नाही. तूप घातलं तर नानकटाईकडं जातं, चवीला वाईट नाही, पण ते हे नव्हे. घरचं पांढरं लोणी चालेल, पण त्यात ताकाचं पाणी जास्त राहिलेलं असतं, गार पाण्यात धुवून, फडक्यावर दाबून, फ्रीजमध्ये घट्ट करून घ्या आणि पिठातलं दही थोडं कमी करा.

दुसरी सवय मळण्याची. पोळीच्या कणकेला आपण तिंबून तिंबून चिवटपणा आणतो, इथं तो चिवटपणाच नको. अमेरिकेत बिस्किटाला मऊ गव्हाचा, कमी प्रोटीनचा मैदा वापरतात, आपला मैदा त्यापेक्षा थोडा ताकदीचा, म्हणून मी दोनशे पंचवीस ग्रॅम मैद्यात पंचवीस ग्रॅम कॉर्नफ्लोर मिसळतो. कपानं मोजत असाल तर अमेरिकन कप २४० मिलीचा असतो, त्यात मैदा साधारण सव्वाशे ग्रॅम बसतो, आपल्या घरातला चहाचा कप धरू नका. त्यात एक सपाट मोठा चमचा बेकिंग पावडर, म्हंजे पंधरा मिलीचा मापाचा चमचा, पाव छोटा चमचा खायचा सोडा, एक छोटा चमचा साखर, आणि बटर खारं असेल तर मीठ चिमूटभर, नसेल तर अर्धा छोटा चमचा. सगळं दोनदा चाळून घ्या. बेकिंग पावडरचा डबा कधीचा आहे बघा, चमचाभर गरम पाण्यात टाकली की फसफसून वर आली पाहिजे, नुसते चार बुडबुडे आले तर नवीन आणा.

शंभर ग्रॅम बटर अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून किसणीनं थेट पिठात किसा, हे सगळ्यात सोपं. मधे मधे पीठ भुरभुरवत किसलं की चिकटत नाही. बोटांच्या टोकांनी दोन-चार वेळा हलवा, तळहात लावू नका, तळहात गरम असतो आणि बटर तिशीच्या थोडं वर गेलं की पातळ होतं. एप्रिल-मे मध्ये आपल्या स्वयंपाकघरात पारा त्याच्या वरच असतोय, तेव्हा मी परात, पीठ, किसणी सगळं फ्रीजमध्ये ठेवतो आणि सकाळी सातच्या आत पीठ करून ठेवतो.

मग ताक. तिकडचं बटरमिल्क म्हंजे विरजण लावलेलं घट्ट दूध, ओतलं तर सावकाश पडतं. आपलं ताक पाणी घालून घुसळलेलं, म्हणून तुमचं पीठ सैल झालं. दीडशे ग्रॅम घट्ट दही आणि पन्नास मिली दूध फेटून घ्या, थोडं आंबट असेल तर उत्तमच, कारण त्या आंबटपणावरच सोडा काम करतो. तेही फ्रीजमधलं गार. पिठात खळगा करून त्यातलं पाऊण ओता, काट्यानं नाहीतर सुरीनं कालवा, कोरडं पीठ दिसत असेल तरच बाकीचं. पावसाळ्यात मैदा हवेतला ओलावा धरतो, आणि नेमकं आखाडात, त्र्यंबोलीच्या यात्रेच्या सुमाराला, मला या पदार्थाच्या ऑर्डरी जास्त असतात, पुढं श्रावण म्हणून सगळे खाऊन घेतात, त्या दिवसांत दोन-तीन चमचे दही कमीच लागतं. गोळा ओबडधोबड, जागोजागी बटर दिसणारा, कडेला भुगा असलेला असा दिसला पाहिजे. बघून वाटतं हे बिघडलं. बिघडलेलं नाही, थांबा तिथंच, मळू नका.

ओट्यावर मैदा भुरभुरवून गोळा थापा, लाटणं फिरवायची पण गरज नाही, हातानं चौकोनी थापून पत्रासारखी तिहेरी घडी घाला, पुन्हा थापा, पुन्हा घडी, असं तीन वेळा. तिसऱ्या घडीला भुगा आपोआप एकजीव होतो. शेवटी बोटाच्या एका पेराएवढी जाडी ठेवा, दोन सेंटिमीटर, त्यापेक्षा जाड कॅसरोलवर नको. कापायला धारदार काठाची वाटी किंवा स्टीलचा छोटा पेला, सरळ खाली दाबायचा आणि सरळ वर उचलायचा, पिळायचा नाही, पिळला की कडेचे पदर एकमेकांना चिकटतात आणि बिस्किट एका बाजूला कलतं. मी तर हल्ली सुरीनं चौकोनच कापतो, कातरण उरत नाही. कापलेले तुकडे ताटलीत ठेवून फ्रीजमध्ये पंधरा मिनिटं.

तेवढ्यात ओटीजी तापवा, दोन्ही रॉड चालू, २१० डिग्री, पंधरा मिनिटं. रेसिपीत ४२५ लिहिलेलं असेल तर ते फॅरनहाइट आहे, आपल्याकडचे आकडे सेल्सियस, एकदा एका ताईंनी बटन शेवटपर्यंत फिरवलं होतं म्हणून सांगतो. नऊ इंची चौकोनी काचेचं भांडं, दोन इंच खोल तरी पाहिजे, आधी त्यात गरम पाणी भरून ठेवा आणि मग पुसून घ्या, गार काचेत उकळतं सारण ओतू नका, तडकतं. स्टीलचं किंवा जाड ॲल्युमिनियमचं भांडं असेल तर ही भीती नाही. सारणात चिकन आणि भाज्या मिसळून पुन्हा एकदा चांगली उकळी काढा, चिकनसुद्धा पार मधून वाफाळतं झालं पाहिजे, मग भांड्यात दोन तृतीयांश भरेल एवढं ओता, जास्त भरलं तर उतू जाऊन रॉडवर पडतं. लगेच वर बिस्किटं, दोन बिस्किटांत बोटभर अंतर ठेवून. ही फट सोडणं गरजेचं आहे, सारणाची वाफ बाहेर पडायला वाट पाहिजे, नाहीतर ती बिस्किटाच्या पोटातच अडकते. झाकणासारखं सलग पीठ पसरलं तर मधला भाग कच्चा राहणारच. वरून दुधाचा हात नाहीतर वितळलेलं बटर.

रॅक मधल्यापेक्षा एक घर खाली, कारण घरगुती ओटीजीत वरचा रॉड फार जवळ असतो, वर करपण्याचं तुमचं निम्मं कारण ते आहे. बावीस ते पंचवीस मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं दार उघडायचं नाही. पंधराव्या मिनिटाला रंग जास्त येतोय असं वाटलं तर ॲल्युमिनियम फॉइल वरून नुसती अलगद ठेवा, गुंडाळू नका. बाजूनं सॉसचे बुडबुडे आणि वर शंकरपाळीसारखा तांबूस रंग, मग मधलं बिस्किट उचलून बघा, मघाशी सांगितलं तसं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, सॉस तेवढ्या वेळात घट्ट होतो, लगेच वाढलात तर पुन्हा तुम्हाला पातळ वाटेल. मधेच लाईट गेली तर दार बंदच ठेवा, दहा-बारा मिनिटांत आली तर काही बिघडत नाही, त्यापेक्षा जास्त झालं तर वरचं फुगणं थोडं कमी पडेल, चव जात नाही.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर २०० वर याच वेळात होतं, आधी तापवून घ्यायला विसरायचं नाही. ज्यांच्याकडं ओव्हनच नाही त्यांनी कढईत मीठ तापवून त्यावर भांडं ठेवायचा खटाटोप यासाठी करू नये असं माझं मत आहे, केक होतो त्यात, पण इथं वरून आच मिळत नाही आणि आतली वाफ कोंडून बिस्किट पांढरं, ओलसर, वाफवलेल्या गोळ्यासारखं राहतं. त्यापेक्षा बिस्किटं दीड सेंटिमीटर जाडीची कापा, जाड तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी सात-सात मिनिटं भाजा, आणि गरम सारणाच्या कढईवर वाढायच्या वेळी ठेवा. पदर थोडे कमी सुटतात पण मनापासून सांगतो, हे पण चांगलं लागतं.

पाहुण्यांसाठी सकाळी करून ठेवायचंय असं तुम्ही विचारलंय, तर सारण सकाळी करून गार करून फ्रीजमध्ये, बिस्किटं कापून ताटलीत झाकून तीही फ्रीजमध्ये, चार-पाच तास आरामात टिकतात, पण दोन्हीची गाठ ओव्हनच्या दारातच घालायची आणि त्याआधी सारण गॅसवर परत उकळायचं, फ्रीजमध्ये ते आळतं तेव्हा वाटीभर अळणी बाजूला राखून ठेवा. उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम करायचं तर मायक्रोवेव्हमध्ये बिस्किट चामड्यासारखं होतं, ओटीजीत १७० वर पंधरा-वीस मिनिटं फॉइल टाकून, आतपर्यंत कडकडीत गरम होऊ द्या, चिकन आहे त्यात. आणि पिठाचे चार तुकडे जास्त झाले तर ते वेगळ्या ट्रेवर त्याच ओव्हनमध्ये चौदा-पंधरा मिनिटं भाजून घ्या आणि उरलेल्या अळणीत मिरपूड टाकून सासूबाईंना वाटीभर अळणीबरोबर द्या, म्हंजे अमेरिकेतलं बिस्किट कसं असतं ते त्यांनाही कळेल.